किल्लारीनंतर देश एक झाला होता, हे आपण कुणाला सांगतोय?

नाना_पुणेकर
परवा ३० सप्टेंबर होऊन गेला. सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, तर तिशीतला एक मुलगा विचारतो, "काका, किल्लारी म्हणजे?" बराच वेळ काही सुचलंच नाही.

१९९३. विसर्जन करून लोक उशिरा झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं बसली. मी तेव्हा बावीस वर्षांचा. तिसऱ्या दिवशी ट्रकमध्ये बसून उमरग्यावरून सास्तूरला गेलो. वर पाऊस, खाली चिखल.

त्या वर्षाची सुरुवात आठवा. जानेवारीत मुंबईत दंगल, १२ मार्चला बॉम्बस्फोट. माणसं आडनाव ऐकून आवाज खाली आणत होती. आणि सप्टेंबरअखेर आमच्या ट्रकमध्ये सगळ्या आळ्यांतली पोरं, मधे भाकऱ्यांची पोती. कुठली भाकरी कुणाच्या चुलीवरची, कुणी विचारलं नाही. माझं म्हणणं एवढंच की ही एकी शाळेच्या पुस्तकात यावी आणि दर ३० सप्टेंबरला राज्यभर दोन मिनिटं शांतता पाळावी.

माळवद
नाना, राग मानू नका. मी तिकडचाच, तेव्हा नऊ वर्षांचा. तुमच्या त्या भाकऱ्या मीही खाल्ल्यात, त्यामुळं खाल्ल्या अन्नाला जागूनच लिहितो.

"देश एक झाला" ही देणाऱ्याची आठवण आहे. घेणाऱ्याची वेगळी असते. आमचं घर माळवदाचं. दोन-अडीच फूट जाड भिंती, दगड आणि नुसती माती. वर सागवानी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर. मृगाच्या आधी गढीची पांढरी माती आणून माळवदावर पसरायची, गळू नये म्हणून. आज्जानं पसरली, बापानं पसरली, जुनी काढायची कुणाला सुचली नाही. त्या पहाटे आमच्या अंगावर तीन पिढ्यांची पांढरी आली. लहान बहीण त्यात गेली. सरणाला लाकूड कुठलं? त्याच तुळया.

आणि एक. जमीन आदल्या वर्षापासून गुरगुरत होती. १९९२ च्या ऑक्टोबरात धक्के बसले होते, लोक काही दिवस बाहेर झोपले, मग आत गेले. तेव्हा कुठं होता हो देश?

अवनी
मी बांधकामातली आहे, म्हणून थोडं बोलते. १९९२ साली कुणी काय करायला हवं होतं? भूकंप कधी येणार हे आजही कुणाला सांगता येत नाही. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर जमीन असंच सगळे धरून चालले होते. सरकारही आणि तुमचे आजोबाही.

एकी झाली नसती तर ५२ गावं नव्या जागेवर उभी राहिली असती का? संस्थांनी, कंपन्यांनी, वर्तमानपत्रांनी गावं वाटून घेतली. भारतीय जैन संघटनेनं हजाराहून जास्त मुलं पुण्याला आणून शिकवली. ही काही दोन दिवसांची भावना नव्हती.

माळवद
अवनीताई, उभी राहिली, मान्य. पण मोजमाप ठाऊक आहे का? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्याला २५० चौरस फूट. सात हेक्टरपर्यंत ४००. त्याच्या वर ७५०. एका मांडवात प्रेतं ओळखलेली माणसं ही. वर्षभरात सातबारा बघून वेगवेगळ्या ओळींत बसवली. बैल बांधायला जागा नाही, कडबा ठेवायला नाही. म्हातारी माणसं जुन्या गावठाणात जाऊन बसायची, ढिगाऱ्यावर.

अवनी
ज्याचा वाडा गेला त्याला वाड्याच्या बदल्यात काहीतरी द्यावंच लागणार होतं. सगळ्यांना ७५० द्यायला पैसा कुठून आणणार, आधीच जागतिक बँकेचं कर्ज. न्याय्य होतं असं नाही म्हणत मी. पण दुसरी वाट सांगा.

कोरडवाहू
एकीचं माहीत नाही, पण कपडे काय आले होते! आमच्या आत्याच्या वाट्याला मिडी आली आणि मामाला टाय. मामानं टायनं वासरू बांधलं. शिवाय रविवारी गाड्या करून बघे यायचे, त्यांच्यामुळं रस्ता अडायचा. त्यांनाही आज वाटत असेल की आपण मदतीला गेलो होतो.

नाना_पुणेकर
आम्ही बघे नव्हतो. चार दिवस हातांनी दगड उपसले, माझं नख अजून वाकडं आहे. सगळ्याची टिंगल केली की उरतं काय? तेवढं तरी चांगलं आठवू द्या की.

कोरडवाहू
तुम्हाला नाही म्हणालो, नाना. चुकलं असेल तर माफ करा. मामाचं वासरू मात्र खरं आहे.

तुळजापूर_रोड
दोन्हीकडचं वाचलं. मला वाटतं तुम्ही दोघंही चुकीच्या दिवसांवर भांडताय. पहिल्या आठवड्यातली एकी सोपी असते. ५२ गावांच्या बाहेर, राज्यातल्या तेरा जिल्ह्यांत, दोन लाखांच्या आसपास घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, घरमालकानं स्वतः उभं राहून. तिथं स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं महिला मंडळातल्या बायकांना 'संवाद सहायक' केलं. घर कसं मजबूत करायचं, सरकारी हप्ता कशासाठी आहे, हे त्या दारोदार जाऊन समजावत. नवऱ्यानं हप्ता दारूत घालवू नये याच्यावर लक्ष ठेवणं हे त्यातलं न लिहिलेलं काम.

पुढं २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा आपल्याकडच्या बायका कच्छला गेल्या. भाषा येत नाही, पण घर गेलेल्या बाईशी काय बोलायचं ते येतं. एकीच म्हणायची असेल तर मी हिला म्हणेन. आणि हिच्यासाठी कुणी शांतता पाळत नाही.

अजून एक, जे भाषणात कधी येत नाही. मुलं गेलेल्या कितीतरी बायकांची नसबंदी आधीच झालेली होती. ती उघडायच्या शस्त्रक्रिया सरकारनं करून दिल्या. काहींच्या कुशी पुन्हा भरल्या, काहींच्या नाही. नाना, हे पुस्तकात घालतील का?

नाना_पुणेकर
नाही घालणार. मलाही माहीत नव्हतं. तरी शांततेचं माझं म्हणणं मी सोडत नाही. आठवण फक्त भोगलेल्यांनीच ठेवायची असं नसतं.

माळवद
ठेवा की. फक्त सकाळी अकराला, पाहुण्यांच्या सोयीनं नको. ३.५६ ला ठेवा. आई अजून विसर्जनाच्या रात्री अंगणात झोपते, पाऊस असला तर छपराखाली खुर्चीवर बसून राहते. घराला स्लॅब आहे, तिला सांगून उपयोग नाही.

अवनी
एक विचारू? धंद्यातली सवय. गावात आता नवी घरं बांधतात, वाढीव खोल्या काढतात, त्यात खिडकीच्या वर सिमेंट-सळईचा आडवा पट्टा घालतात का?

माळवद
पुनर्वसनाच्या घरांना होता. परवा भावानं वर खोली काढली, तिला नाही. मी विचारलं तर गवंडी म्हणाला, "आता कुठं येतोय भूकंप." भाऊ काही बोलला नाही. सळईचे पैसे वाचले.