डब्लिनला दीड महिना: आयरिश पुराणकथा आणि इतिहास, काय बघू, काय वाचू?

भटका_विलास: ऑफिसच्या कामाने डब्लिनला चाललोय. शनिवार-रविवार मोकळे आहेत. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६च्या आयरिश उठावाबद्दल थोडं वाचलं, पण दर चार पानांनी कुचुलेन नावाचा कुणी पुराणातला योद्धा टपकतो आणि माझी गाडी अडते. राजकीय इतिहासात याचं काय काम? जाणकारांनी मदत करा.

जुनी_वही: आधी उच्चार. कूखुलिन. कुचुलेन म्हणालात तर पबमध्ये हसतील :)

सुरुवात ओकॉनेल स्ट्रीटवरच्या जनरल पोस्ट ऑफिसपासून करा. उठावाचं मुख्यालय तेच. तिथे कूखुलिनचा ब्राँझचा पुतळा आहे. मरायचं तर उभ्यानेच, म्हणून त्याने स्वतःला दगडाला बांधून घेतलंय, मान कलली आहे आणि खांद्यावर डोमकावळा. कावळा बसला तेव्हा कुठे शत्रूला जवळ यायचा धीर झाला, अशी कथा. गंमत तारखांत आहे. ऑलिव्हर शेपर्डने हा पुतळा घडवला १९११च्या सुमारास, म्हणजे उठावाच्या आधी. १९३५ साली तेव्हाचे सरकारप्रमुख आणि स्वतः उठावात लढलेले डी व्हॅलेरा यांनी उठावाचं स्मारक म्हणून त्याचं अनावरण केलं.

मग रॅथफार्नमला पॅट्रिक पिअर्सच्या शाळेत जा, आता तिथे संग्रहालय आहे. शाळा १९०८ची, दोन वर्षांनी या जागेत आली. पोरांकडून कूखुलिनच्या बालपणाचे प्रयोग बसवून घेणारा हा मास्तर पुढे उठावाचा जाहीरनामा वाचतो आणि गोळ्या खाऊन मरतो. त्याचे काही माजी विद्यार्थीही उठावात होते. तुमच्या 'काय काम'चं उत्तर मला तरी तिथे मिळालं.

निवांत: वाचायला 'टॉइन' म्हणजे कूखुलिनच्या पराक्रमाची जुनी आयरिश गाथा घ्या, थॉमस किन्सेलाने केलेलं १९६९चं इंग्रजी भाषांतर. राणी मेव्ह आणि तिचा नवरा अंथरुणात पडल्या पडल्या कुणाची मालमत्ता जास्त यावरून भांडतात, हिशेब एका बैलावर अडतो आणि त्या बैलापायी युद्ध. लेडी ग्रेगरींनी याच कथा १९०२च्या पुस्तकात सांगितल्या, ते उठावाच्या पिढीने डोक्यावर घेतलं खरं, पण बाईंनी आडदांड, चावट भाग गाळून सगळं सोवळं करून टाकलंय. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, राष्ट्राला कसा नायक हवा होता ते कळेल.

उत्तरेकडची: एक रविवार बेलफास्टला द्या. तिथल्या ब्रिटननिष्ठांनीही हाच कूखुलिन भिंतींवर रंगवला, अगदी पोस्टातल्याच पोझमध्ये! त्यांच्या लेखी तो आयरिश हल्ल्यांपासून अल्स्टर, म्हणजे हा उत्तरेकडचा प्रांत, राखणारा. कथेत तो अल्स्टरचा आहेच, त्यामुळे त्यांना खोटं तरी कसं म्हणणार?

जुनी_वही: +१. ताराची टेकडीही सोडू नका. १८४३ साली आयरिश नेता डॅनियल ओकॉनेलने प्राचीन राजांची जागा म्हणून मुद्दाम तिथे प्रचंड सभा घेतली. आणि १८९९ ते १९०२ काही महाभागांनी बायबलमधली कराराची पेटी शोधायला तीच टेकडी खणली. कवी येट्सने निषेध केला. पेटी अर्थातच नाही सापडली.

भटका_विलास: धन्यवाद मंडळी! किन्सेला मागवला. पहिल्या शनिवारी पोस्ट, दुसऱ्या शनिवारी शाळा. ताराला डब्लिनहून बस आहे का, की गाडी भाड्याने घ्यावी?