मदत हवी आहे: टॉडमॉर्डनचा बाप्तिस्मा सापडत नाही

भटकी_मनी: सासऱ्यांच्या खापरपणजोबांचा बाप्तिस्मा शोधतेय (नवरा इंग्लिश, हौस माझी). १८५१ च्या जनगणनेत जन्म टॉडमॉर्डनचा. गाव इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये, म्हणून यॉर्कशायरची रजिस्टरं पालथी घातली. काही नाही! लवकर सांगा, डोकं उठलंय.

खवचट: जन्मसाल? धंदा? चर्चवाले (अँग्लिकन, म्हणजे सरकारी चर्चचे) की मेथडिस्टांसारख्या वेगळ्या पंथाचे? की आम्ही पत्रिका मांडायची?

भटकी_मनी: १८२० च्या आसपास, विणकर. चर्चवालेच असणार ना.

अण्णा_लीड्स: कशावरून? त्या खोऱ्यात मेथडिस्ट, बॅप्टिस्ट पैशाला पासरी. त्यांची १८३७ आधीची बरीच रजिस्टरं नॅशनल अर्काइव्हजच्या (सरकारी दफ्तरखान्याच्या) आरजी ४ मालिकेत आहेत. तिथूनच सुरू करा.

रेघोट्या: अण्णा, थांबा. ताई, जनगणनेत गावाबरोबर काउंटी (म्हणजे जिल्हा) लिहितात. काय लिहिलीय?

भटकी_मनी: 'लँकेशायर'. लिहिणाऱ्याची चूक असेल.

रेघोट्या: अहो, तेच तर! १८८८ पर्यंत दोन काउंट्यांची हद्द गावाच्या मधून जायची. १८७५ चा टाउन हॉल तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. टॉडमॉर्डन-वॉल्सडेन टाउनशिप (गावाचा विभाग) लँकेशायरची, पॅरिश (चर्चचा हद्दविभाग) रॉचडेल. लँगफिल्ड, स्टॅन्सफिल्ड हे पलीकडचे विभाग यॉर्कशायरचे, पॅरिश हॅलिफॅक्स. रॉचडेलखालचं सेंट मेरी चर्च बघा.

भटकी_मनी: पण रॉचडेल तर ग्रेटर मँचेस्टर काउंटीत!

रेघोट्या: ते १९७४ पासून. तुमच्या विणकराला त्याचं काय?

काकू_पुणे: आजी-आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असले की अँसेस्ट्री व्हिसा मिळतो हं. नीट चौकशी कर.

भटकी_मनी: काकू, मी इथेच राहते.

नाशिककर: त्र्यंबकेश्वरला या. उपाध्यायांच्या वहीत सात पिढ्या निघतात.

खवचट: विणकराच्या?

अण्णा_लीड्स: हद्दीचं पुराण ठीक, पण माणूस मेथडिस्ट निघाला तर सेंट मेरीत काय मिळणार?

रेघोट्या: आईबापांचं लग्न मिळेल. १७५४ ते १८३७ क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावावं लागे.

भटकी_मनी: सेंट मेरीत सापडला! पण एकाच नावाची दोन पोरं, वर्षही तेच. दोघांचे बाप विणकर, बापांचं नावही एकच. आता?

रेघोट्या: १८१३ पासूनच्या छापील नमुन्यात राहण्याच्या ठिकाणाचा रकाना असतो. काय आहे त्यात?

भटकी_मनी: एक गॉक्सहोम, एक वॉल्सडेन.

रेघोट्या: मग दफनाचं रजिस्टर काढा. त्यात वय आणि ठिकाण दोन्ही असतं. एखादं पोर लहानपणीच गेलेलं असेल, तर प्रश्न मिटला.

अण्णा_लीड्स: आणि आरजी ४ बघाच.