व्हँपायरच्या जुन्या कथा मराठीत आणायच्या तर कोणत्या?

कृष्णाकाठ, सांगली

आमच्या वाचनगटात आठजणांनी पावसाळाभर व्हँपायरच्या जुन्या कथांचा एक इंग्रजी संग्रह वाचला. आता त्यातल्या चार-पाच मराठीत आणायचं चाललंय, आणि निवडीवरून वाद आहे. माझं मत: किल्ले, काळे झगे आणि फिकट चेहऱ्याचे उमराव असलेल्या कथा सोडून द्याव्यात. त्या वाचून मला एकदाही दिवा लावून झोपावंसं वाटलं नाही.

झोप उडवली ती रशियन लेखक अलेक्सेई तोलस्तोयच्या वुर्दालाकच्या, म्हणजे स्लाव लोकांतल्या व्हँपायरच्या, कथेनं. सर्बियातलं शेतकरी घर. म्हातारे गोर्चा एका लुटारूचा माग काढायला डोंगरात निघतात आणि मुलांना बजावतात, ‘दहा दिवस वाट बघा. त्यानंतर आलो तर घरात घेऊ नका.’ आणि ते येतात ते नेमके मुदत संपता संपता. मुदत उलटली की नाही, तेच कळत नाही. थोरला मुलगा दारात, समोर बाप. वुर्दालाक रक्त पितो ते आपल्या सगळ्यात जवळच्या माणसांचं. माझी आजी सांगायची, रात्री बाहेरून एकच हाक आली तर ओ द्यायची नाही. आवाज ओळखीचा असेल तर अजिबातच नाही. मला या कथेत आजी ऐकू आली.

द्राक्षबाग, तासगाव

ताई, उमराव काढून टाकलात तर मूळच जाईल. पॉलिडोरीची 1819 ची कथा नुसती ‘पहिली’ म्हणून घ्या असं मी म्हणत नाही. तो माणूस कोण होता ते बघा. इंग्रज कवी लॉर्ड बायरनचा पगारी डॉक्टर, विशीतला पोरगा. 1816 मध्ये मालकाबरोबर जिनिव्हाच्या तळ्याकाठी राहिला, त्याचा तोरा रोज सोसला, आणि पुढं रक्त पिणारा लॉर्ड लिहिला. ती कथा छापून आली तीसुद्धा बायरनच्या नावावर! नोकराची गोष्टही मालकाच्या नावानं गिळली.

त्याआधी लोकांच्या बोलण्यातला व्हँपायर म्हणजे खेड्यातलं फुगलेलं मढं. पॉलिडोरीनं त्याला मेजवानीच्या टेबलाशी बसवला. आपल्याकडं ‘रक्त पितोय’ हे भुताबद्दल कोण म्हणतं? सावकाराबद्दल म्हणतात. माझ्या आजोबांची दोन एकर गेली, तेव्हा कागद घेऊन आलेला माणूस पांढऱ्या स्वच्छ कपड्यातच होता आणि आमच्याच ओसरीवर चहा पिऊन गेला.

आणि भीती म्हणाल तर त्यातली शपथ वाचा. कथेतल्या तरुण ऑब्रेनं त्या लॉर्डला शब्द दिलाय, एक वर्ष आणि एक दिवस तोंड उघडायचं नाही. सख्ख्या बहिणीचं लग्न त्या लॉर्डशी ठरतं, तरी त्याला बोलता येत नाही. हे भय मला दारातल्या गोर्चापेक्षा मोठं वाटतं.

परिचारिका, मिरज

दोघांनीही मेरी विल्किन्स फ्रीमनच्या ल्युएला मिलरचं नाव घेतलं नाही, याचं वाईट वाटलं. 1902 ची कथा. रक्ताचा थेंब नाही, दात नाहीत. एक नाजूक बाई, तिला कशाचीच सवय नाही. जो तिची सेवा करतो तो खंगून मरतो, मग दुसरा कोणीतरी पुढं होतो. रुग्णाशेजारी बसून वाळत गेलेल्या सुना आणि मुली मी वीस वर्षं बघतेय.

या कथांच्या मागे आजार आहे, हे गटात नीट बोललं जायला हवं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये 1892 साली मर्सी ब्राउन नावाची मुलगी क्षयानं गेली. आई आणि बहीण आधीच गेलेल्या, भाऊ अंथरुणाला खिळलेला. मेलेलंच कुणीतरी भावाला खातंय असं वाटून गावकऱ्यांनी प्रेतं उकरली. ही ऐन थंडीत गेलेली, म्हणून हिचं टिकून राहिलेलं. तिचं काळीज जाळून ती राख भावाला पाण्यातून पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. कॉखनं क्षयाचा जंतू शोधून तेव्हा दहा वर्षं झाली होती. माझे चुलत आजोबा वानलेसवाडीला क्षयाच्या उपचारासाठी होते, त्यांचा पेला घरात वेगळा ठेवायचे. तो पेला मला या कथांतल्या प्रत्येक शवपेटीत दिसतो.

अजिंक्यतारा, सातारा

मिरजेच्या ताईंनी जे सांगितलं त्याच कारणासाठी माझा या सगळ्या उपक्रमाला विरोध आहे. साताऱ्यात आम्ही डॉ. दाभोलकरांना ऐकत वाढलो. 2013 मध्ये त्यांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. आजही करणीच्या संशयावरून बाईला घराबाहेर काढतात. अशा वेळी मेलेला बाप रक्त प्यायला येतो, हे मराठीत आणून द्यायचं कशाला? ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेझानं 1755 मध्ये आपला डॉक्टर व्हान स्वीटेन व्हँपायरच्या अफवांच्या चौकशीला लावला आणि प्रेतं उकरून जाळायला बंदी घातली. तो अहवाल मराठीत आणा की!

कृष्णाकाठ, सांगली

दादा, तो अहवाल प्रस्तावनेत घेऊच, सूचना मोलाची आहे. पण कथा सोडणार नाही. कायदा भोंदूगिरी आणि अघोरी प्रथांच्या विरोधात आहे, गोष्टीच्या नाही. गोष्ट वाचणाऱ्याला ठाऊक असतं की ही गोष्ट आहे. भोंदू ते लपवतो, फरक तिथंच आहे.

तासगावच्या दादांची शपथ मला पटली. लॉर्ड अजूनही पटलेला नाही.

प्रीतिसंगम, कराड

एक विनंती. व्हँपायरला ‘वेताळ’ करू नका. इंग्रज लेखक बर्टननं 1870 मध्ये विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत नेताना वेताळाला व्हँपायर म्हटलं, तो घोळ आपण उलटा आणायला नको. आपला वेताळ प्रेतात शिरून कोडी घालतो, न्याय विचारतो. रक्ताशी त्याचा संबंध नाही.

दुसरं. गोर्चाचे दहा दिवस वाचताच मी थांबलो. मराठी माणसाला दहावा दिवस म्हटलं की घाट, पिंड आणि कावळाच दिसणार. मूळ कथेत ती नुसती मुदत आहे. आपल्याकडं कावळा शिवेपर्यंत माणूस पुरता गेलेलाच नसतो. मराठीत ही कथा वेगळीच होईल. तळटीप द्या.

कृष्णाकाठ, सांगली

तळटीप नको. वाचणाऱ्याला घाट दिसू दे.

प्रीतिसंगम, कराड

मग ते भाषांतर राहणार नाही, ताई. सर्बियातल्या त्या घराला आपला कावळा माहीत नव्हता.

द्राक्षबाग, तासगाव

कराडच्या दादांशी सहमत. आणि पॉलिडोरीचा कच्चा खर्डा मी सुरू केलाय. ‘लॉर्ड’ला ‘सरकार’ म्हटलं तर चालेल का, तेवढं सांगा.