पहिला कार्डिगन, तोही तुटक वेळात: पद्धत, लोकर आणि सुया सुचवाव्यात

सायंवीण

नमस्कार. मफलर, टोप्या आणि बाळमोजे विणून झाल्यावर आता अंगात घालायचे पहिले मोठे वस्त्र हाती घ्यावे असे वाटते आहे आणि ते आईसाठी असावे अशी इच्छा आहे. तिचा उजवा खांदा आखडलेला असल्यामुळे डोक्यावरून घालायचा स्वेटर तिला चालत नाही. त्यामुळे पुढून उघडा, बटणांचा कार्डिगन विणायचा हे नक्की आहे. छातीचा घेर ९२ सेंटीमीटर आहे. खरखरीत लोकर तिला मानेपाशी टोचते आणि तेवढ्याच कारणाने तिचे काही चांगले स्वेटर न वापरता पडून आहेत.

अडचण आहे ती वेळेची. प्रवासात बसायला मिळाले तर, कुणाची वाट पाहत थांबावे लागले तर आणि रात्री सगळी आवराआवर झाल्यावर, असा तुकड्यातुकड्यानेच वेळ मिळतो. प्रवासात नमुन्याच्या कागदाकडे पाहणे जमत नाही आणि रात्री डोळे थकलेले असतात. अशा वेळात पुरा होईल असा कार्डिगन वरून खाली एकसंध विणावा, की पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या वेगवेगळ्या विणून शेवटी जोडाव्यात? लोकर आणि सुया कोणत्या घ्याव्यात? धावपळीतच मोठी कामे तडीस नेणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उलटसुलट

तुम्ही वेळेचे जे वर्णन केले आहे ते वाचून मी वेगवेगळे भाग विणून जोडण्याची पद्धतच सुचवेन. पाठीचा भाग अर्धा झाला तरी तो लहान पिशवीत मावतो, मांडीवर त्याचा भार होत नाही आणि एकेक भाग पुरा होऊन बाजूला पडत गेला की काम पुढे सरकल्याचे दिसते. महिनोन्महिने चालणाऱ्या कामात हे दिसणे फार मोलाचे असते. शिवाय खांद्यांची आणि कुशीची शिवण कपड्याला आधार देते, त्यामुळे वजनदार कार्डिगन अंगावर ओघळत नाही.

कामाची वाटणी मात्र विचारपूर्वक करावी. पाठीचा काखेपर्यंतचा भाग म्हणजे एक ओळ सुलट, एक ओळ उलट, यापलीकडे काहीच नाही, तेव्हा तो प्रवासासाठी राखून ठेवावा. बाह्यांमध्ये ठरावीक ओळींनी टाके वाढवायचे असतात, म्हणून त्या वाट पाहण्याच्या वेळात विणाव्यात. वाढ केलेल्या ओळीत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा लहान तुकडा अडकवून ठेवला की कागद न उघडता पुढची वाढ कधी करायची ते मोजता येते. मुंढा आणि गळा यांचे काम सुटीच्या दिवशी, दिवसाच्या उजेडात करावे. एकाच कपड्यातले हे तीन प्रकारचे काम तीन प्रकारच्या वेळेला वाटून दिले, तर रात्री थकलेल्या डोळ्यांनी गळ्याचे टाके मोजण्याची पाळी येत नाही.

तुटक वेळात विणणाऱ्याला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक असावी. ओळीच्या मध्येच काम ठेवावे लागले, तर पुन्हा हातात घेताना कोणत्या दिशेने जायचे याचा हमखास गोंधळ होतो. अशा वेळी गुंड्याकडून येणारा धागा पाहावा: तो नेहमी शेवटी विणलेल्या टाक्यातून निघालेला असतो आणि तो टाका ज्या सुईवर असेल ती सुई उजव्या हातात यायला हवी. सुया उलट धरल्या गेल्या, तर ओळ मधूनच मागे फिरते आणि तिथे लहानसे छिद्र पडते, जे पुढे बऱ्याच ओळी झाल्यावर लक्षात येते.

गोलसुई

उलटसुलट यांचा वेळेच्या वाटणीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण पद्धतीबद्दल माझे मत वेगळे आहे. पहिले मोठे वस्त्र, आणि तेही दुसऱ्याच्या मापाचे, असेल तर वरून खाली एकसंध रॅग्लन (गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेषेत बाह्या निघणारा प्रकार) विणण्याचा फायदा असा की काम चालू असतानाच ते अंगावर घालून पाहता येते. टाके लांब दोऱ्यावर उतरवून घ्यायचे, आईच्या खांद्यावर ठेवायचे आणि आखडलेल्या खांद्याला हात मागे नेताना काखेत जागा पुरते का ते तिथेच पाहायचे. वेगवेगळ्या भागांत हे शेवटची शिवण घातल्यावरच कळते आणि तेव्हा फार काही बदलता येत नाही. उंची कमी वाटली तर एकसंध कार्डिगनमध्ये खालची किनार उसवून हव्या तेवढ्या ओळी वाढवता येतात.

मापांचा ताळा पाहण्यासाठी विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी लोकप्रिय केलेले प्रमाण मला अजूनही उपयोगी पडते. अंगाच्या पूर्ण घेराचे टाके १०० धरले, तर मनगटापाशी साधारण २०, दंडापाशी ३३ ते ३५ आणि गळ्यापाशी ४० टाके असावेत. हा काही नियम नव्हे, पण कोणताही नमुना हाती आला की या आकड्यांशी ताडून पाहावा; बाही फार अरुंद निघणार असेल तर सुरुवातीलाच ध्यानात येते. तुमच्या आईंच्या खांद्याचा विचार करता दंडाचे प्रमाण ३५ च्या खाली आणू नये.

उलटसुलट

घालून पाहण्याचा मुद्दा खरा आहे आणि मापाबद्दल शंका असेल तर तो निर्णायक ठरू शकतो. तरीही एकसंध कार्डिगनचा खालचा अर्धा भाग विणताना दर ओळीला दोनशेच्या वर टाके असतात आणि प्रत्येक ओळीनंतर सगळा कपडा मांडीवर फिरवावा लागतो. प्रवासात लाभणाऱ्या वेळात अशा मोजक्याच ओळी होतात आणि अनेकांची एकसंध कामे काखेच्या खाली चार बोटांवर येऊन अडकतात ती त्यामुळेच. आईंना व्यवस्थित बसणारा एखादा जुना स्वेटर असेल, तर तो सपाट पसरून काखेतली रुंदी, बाहीचा घेर आणि उंची मोजून घ्यावी. घालून पाहण्याची बरीचशी गरज त्यानेच भागते.

धागादोरा

पद्धतीवर दोन्ही बाजू आल्या आहेत, म्हणून मी लोकर, सुया आणि नमुन्याचा चौकोन (टाक्यांचे माप पाहायला आधी विणायचा तुकडा) यांविषयीच लिहितो. माझ्या मते कार्डिगन बिघडतो किंवा साधतो तो इथेच.

लोकर टोचते ती मुख्यतः तंतूच्या जाडीमुळे. जाड तंतूची टोके त्वचेवर वाकत नाहीत, रुततात. मेरिनो मेंढीच्या लोकरीचे तंतू बारीक असतात, साधारण २४ मायक्रॉनच्या (मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापाने) आत, त्यामुळे मानेला सोसतील अशा लोकरींत ती पहिली पसंती ठरते. निव्वळ सूत टोचत नाही, पण त्याला लोकरीसारखा लवचीकपणा नसतो आणि ते जड असते, त्यामुळे लांब बाह्यांचा कार्डिगन वापरता वापरता खाली ओढला जातो. पहिल्या कामासाठी मी ते सुचवणार नाही. अ‍ॅक्रिलिक हलके आणि धुवायला सोपे असते, मात्र त्यावर गरम इस्त्री किंवा वाफ जास्त लागली तर त्याचा उसळता पोत कायमचा जातो. मेरिनो आणि अ‍ॅक्रिलिकचे मिश्रण हा तुमच्यासाठी मधला आणि चांगला मार्ग आहे. निव्वळ मेरिनो घेतल्यास ती यंत्रात धुण्याजोगी केलेली आहे का हे वेष्टनावर पाहावे. तशी नसेल तर गरम पाण्यात चोळल्याने तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा घट्ट होतो.

जाडी डीके, म्हणजे मध्यम घ्यावी. तुमच्या मापाच्या लांब बाह्यांच्या कार्डिगनला साधारण १२०० मीटर धागा लागतो. ५० ग्रॅमचा गुंडा १२० मीटरचा असेल तर १० गुंडे होतात, त्यावर एक जास्तीचा घ्यावा. सगळे गुंडे एकाच रंगघाणीचे, म्हणजे वेष्टनावर सारखाच लॉट क्रमांक असलेले हवेत. दोन लॉटमधला फरक गुंड्यात दिसत नाही, पण पाठीच्या मधोमध आडवी रेघ उठते. नाइलाजाने दोन लॉट वापरावेच लागले, तर दोन-दोन ओळी आळीपाळीने विणाव्यात म्हणजे फरक मिसळून जातो.

सुया ४ मिलीमीटरच्या घेऊन सुरुवात करावी. सुया घेताना केवळ क्रमांकावर विसंबू नये, कारण जुन्या ब्रिटिश मोजणीतली ८ नंबरची सुई ४ मिलीमीटरची असते आणि अमेरिकन मोजणीतली ८ नंबरची ५ मिलीमीटरची. मिलीमीटरचा आकडा सगळीकडे एकच राहतो. सरळ ओळी विणायच्या असल्या तरी ८० सेंटीमीटरची गोल सुई घ्यावी, असा माझा आग्रह आहे. तिने कपड्याचा भार मनगटाऐवजी मांडीवर येतो, शेजारच्या माणसाला कोपर किंवा सुईचे टोक लागत नाही आणि एक सुई निसटून आसनाखाली जाण्याचा प्रश्नच उरत नाही. टाके सरकून पडत असतील तर धातूपेक्षा लाकडी किंवा बांबूची सुई बरी, कारण तिच्यावर टाके धरून राहतात.

आता नमुन्याचा चौकोन. तो १५ सेंटीमीटरचा विणावा, कार्डिगन जसा धुतला जाणार आहे तसाच धुवावा, सपाट वाळवावा आणि कडा सोडून मधल्या १० सेंटीमीटरमधले टाके मोजावेत. समजा नमुन्याला १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके हवे आहेत. ९२ च्या घेराला १० सेंटीमीटर सैलपणा धरला तर १०२ होतात, म्हणजे पाठ ५१ सेंटीमीटरची आणि तिचे टाके ११२. तुमचा हात सैल असून चौकोनात २० च टाके आले आणि तरीही ११२ टाके घातले, तर पाठ ५६ सेंटीमीटरची होईल आणि पूर्ण कार्डिगन ११२ चा, म्हणजे ठरवल्यापेक्षा तब्बल १० सेंटीमीटरने मोठा. अशा वेळी टाक्यांचे गणित बदलण्याआधी ३.७५ किंवा ३.५ मिलीमीटरच्या सुईवर पुन्हा चौकोन विणून पाहावा. आणि तो चौकोन झाला की आईंच्या गळपट्टीच्या आत, मानेला लागून, दुपारभर ठेवायला सांगावा. टोचते की नाही हे वेष्टन वाचून कळत नाही, मानेला विचारूनच कळते.

सायंवीण

सर्वांचे मनापासून आभार. आईला नीट बसणारा एक स्वेटर आहे, तेव्हा त्याची मापे घेऊन वेगवेगळ्या भागांत विणायचे ठरवते आहे. दंडाला ३५ चे प्रमाण धरेन. मिश्र लोकरीचा एकच गुंडा आधी आणून चौकोन विणेन आणि तो मानेला मानवला तर त्याच लॉटचे उरलेले घेईन. एकच प्रश्न राहतो. पुढच्या पट्टीचे टाके कडेवरून उचलायचे असतात असे वाचले. ते किती उचलावेत आणि काजे कशी ठेवावीत? आईची बोटेही सकाळी थोडी ताठरलेली असतात.

धागादोरा

दुकानात उरलेले गुंडे चौकोन होईपर्यंत बाजूला ठेवायला जरूर सांगावे, नाहीतर तो लॉट संपून जातो.

गोलसुई

साध्या विणीचा टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. १० सेंटीमीटरमध्ये आडवे २२ टाके बसले तर उभ्या ३० च्या आसपास ओळी बसतात, म्हणून दर ओळीला एक टाका उचलला की पट्टी लाटा घेते आणि फार कमी उचलले की कार्डिगनचा पुढचा काठ वर ओढला जातो. तीन ओळींना प्रत्येकी एक टाका उचलून चौथी ओळ सोडावी, म्हणजे चार ओळींना तीन टाके हे प्रमाण बहुतेक वेळा सपाट बसते. कडेचा पहिला टाका सैल असतो. त्यातून न उचलता तो आणि पुढचा टाका यांच्या मधून सुई घालावी.

आधी डावी, बटणांची पट्टी विणावी आणि टाके बंद करून घ्यावेत. तिच्यावर टाचण्या लावून बटणांच्या जागा ठरवाव्यात: पहिली गळ्यापासून बोटभर खाली, शेवटची तळापासून तेवढीच वर आणि उरलेल्या मधल्या अंतरात सारख्या. मग उजव्या पट्टीत नेमक्या त्याच ठिकाणी काजे करावीत. बोटे ताठरत असतील तर बटणे दोन सेंटीमीटरच्या आसपासची, जाडसर कडेची, पाच-सहाच ठेवावीत. सुईवर धाग्याचा एक आढा (वेढा) घेऊन पुढचे दोन टाके एकत्र विणल्याने होणारे काज एवढ्या बटणाला लहान पडते, म्हणून एका ओळीत तीन टाके बंद करून परतीच्या ओळीत तिथेच तीन टाके नव्याने घालावेत. विणलेले काज ताणले जाते, तेव्हा ते बटणापेक्षा किंचित लहानच असावे. बटणे मात्र काजे करण्याआधी आणावीत आणि चौकोनावरच एक काज विणून आईंच्या हाताने ते लावून पाहावे.