एकेरी दोरासाठी मेकॅनिकल डिसेंडर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. झाडावर चढून छाटणीचं काम मी बरीच वर्षं दुहेरी दोरावर केलं, म्हणजे दोर फांदीवरून जाऊन परत आपल्याकडे येतो. आता एकेरी दोराकडे (दोर वर पक्का, आपण त्याच एका दोरावर) वळलोय आणि डिसेंडरपाशी, म्हणजे दोर धरून ठेवणाऱ्या आणि हवं तेव्हा खाली उतरू देणाऱ्या उपकरणापाशी, गाडी अडली आहे.

सध्या रोप रेंच (गाठीवरचा भार हलका करणारं उपकरण) आणि त्याखाली घर्षणाची गाठ (दोराला आवळून धरणारी, पण सरकवता येणारी) वापरतो. दुहेरी दोरात गाठीवर साधारण निम्मंच वजन येतं, एकेरीत सगळं येतं, म्हणून रेंच हवाच. पण दोर ओला झाला की गाठ आवळून बसते. परवा लांब आडव्या फांदीवरून खोडाकडे परतताना ती सुटेचना. अंगठ्याने दाबत, बोट बोट दोर सरकवत यावं लागलं. करवत कमरेला लटकलेली, हात थकलेले. असं पुन्हा नको.

झिगझॅग, अकिंबो आणि रोप रनर हे तीन डिसेंडर डोक्यात आहेत. झिगझॅग एकेरी दोरावर एकटा चालत नाही, सोबत शिकेन (जास्तीचं घर्षण देणारं जोड-उपकरण) घ्यावंच लागतं. अकिंबोचं घर्षण कमीजास्त करता येतं आणि तो दोराच्या मधेच लावता येतो, हे मला फार आवडलंय. माझा दोर ११.७ मिमी, अवजारांसकट वजन ९० किलोच्या आसपास.

ज्यांनी हे रोज वापरलंय त्यांनी सांगा: चिकाने माखलेल्या किंवा जुन्या, फुगलेल्या दोरावर कोणता नीट धरतो? चढताना कोणता आपोआप वर सरकतो? आणि झिजलेले भाग कधी बदलायचे हे तुम्ही कशावरून ठरवता?