ग्वाल्हेरची मिराज लढाऊ विमानं कुणाच्या हुकमतीत? तिन्ही दलांच्या वेगळ्या चुली आणि आपला पैसा

कंपूकर

२०२५-२६ मध्ये संरक्षणाला ६.८१ लाख कोटी. त्यातले १.६० लाख कोटी पेन्शनला, १.८० लाख कोटी नव्या विमानं-तोफांसारख्या भांडवली खर्चाला. पैसा पुरत नाही ही ओरड दरवर्षीची. मान्य. पण आहे तो जातो कुठे?

आपल्याकडे एकेका दलाच्या मिळून १७ कमांड. भूदल ७, हवाई दल ७, नौदल ३. पश्चिमेला भूदलाचं मुख्यालय चंडीमंदिरला, हवाई दलाचं दिल्लीला. पूर्वेला कोलकाता, शिलाँग आणि विशाखापट्टण. दक्षिणेला पुणे, तिरुवनंतपुरम, कोची. शत्रू तोच, आणि सल्लामसलत करायची तर तीन गावांना फोन.

अपाचे हेलिकॉप्टरांचं बघा. हवाई दलाने २०१५ मध्ये २२ चा करार केला. भूदल म्हणालं आम्हाला आमची हवीत, म्हणून २०२० मध्ये सहांचा वेगळा करार. जोधपूरला भूदलाची स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, २०२४ च्या मार्चमध्ये उभी राहिली, पहिली तीन हेलिकॉप्टरं भारतात उतरली २०२५ च्या जुलैत. तोवर स्क्वाड्रन होती, हेलिकॉप्टर नव्हतं!

कारगिलनंतर २००१ मध्ये मंत्रिगटाने सांगितलं, तिन्ही दलांवर एक प्रमुख (सीडीएस) नेमा. पहिला रुजू झाला १ जानेवारी २०२० ला. थिएटर कमांडसाठी, म्हणजे एका सीमेवरची तिन्ही दलं एका अधिकाऱ्याच्या हुकमतीत आणायला, आणखी किती वर्षं थांबायचं? माझं म्हणणं, सरकारने तारीख ठरवून हुकूम काढावा. तिघांचं एकमत व्हायची वाट बघत बसलात तर बसा.

थाटीपूरवाले

कंपूकर, आकडे खरे, पण गाडी भलत्याच रुळावर नेलीत. माझी अर्धी नोकरी ग्वाल्हेरच्या महाराजपूर हवाई तळावर झाली, म्हणून लिहितो.

हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन ४२. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. या २९ तुम्ही जयपूर (पाकिस्तान सीमा) आणि लखनौ (चीन सीमा) इथल्या प्रस्तावित थिएटरांत वाटणार? इथली मिराज १९९९ मध्ये आदमपूरहून उडून टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकून आली. २०१९ मध्ये इथूनच उडून बालाकोटला गेली. उद्या पूर्वेला लागली तर तिकडे जातील. विमान एका सीमेला बांधायची वस्तू नव्हे. जयपूरवाल्याच्या नावावर मिराज लिहून दिली की लखनौवाला मागताना अर्ज करणार, आणि जयपूरवाला सांगणार, माझ्याकडेच कमी आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये महूला रणसंवाद हा तिन्ही दलांचा परिसंवाद झाला, तिथे हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग हेच म्हणाले की घाई नको, आधी दिल्लीत तिघांचं एक संयुक्त नियोजन केंद्र काढा. त्यांच्यावर ‘खुर्ची सोडवत नाही’ असा शेरा मारणं सोपं आहे.

दौलतगंजची सून

काका, नियोजन केंद्र म्हणजे आणखी एक कचेरी. अठरावी!

आणि कारगिलचं निम्मंच सांगितलंत. मे महिन्यात भूदलाने हल्ल्यासाठी हेलिकॉप्टरं मागितली. हवाई दल म्हणालं, आधी सरकारची परवानगी आणा, शिवाय आमची हेलिकॉप्टरं त्या उंचीवर चालायची नाहीत. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असेल, पण त्या ओढाताणीत दिवस गेले. हवाई हल्ले सुरू झाले २६ मेला. पानिपतावर गारद्यांनी गोल धरला आणि घोडदळ आपल्या मनाने पुढे गेलं, तशीच ही तऱ्हा.

जिवाजीगंज

आलं का पानिपत? मी म्हणतच होतो, अजून कसं नाही आलं.

गंभीरपणे विचारतो. २७ फेब्रुवारी २०१९, बडगाम. आपलंच एमआय-१७ आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. आतले सहा जण आणि खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. हेलिकॉप्टर हवाई दलाचं, क्षेपणास्त्रही हवाई दलाचंच. तिथे कुठली थिएटर कमांड आड आली असती? दलं एकत्र केली म्हणून कंट्रोल रूममधला गोंधळ जात नाही.

कंपूकर

म्हणजे एका दलाच्या आतसुद्धा ताळमेळ नाही, हा तुमचा बचाव? मग तर माझंच म्हणणं पक्कं झालं.

निवृत्त हिशेबनीस

तुम्ही सगळे विमानांवर आहात. मी गोदामावर येतो. माझी हयात एका छावणीत बिलं पास करण्यात गेली. त्याच ट्रकचा तोच टायर, आमचा दर वेगळा आणि शेजारच्या दलाचा वेगळा. दोघांचे इंडेंट (मागणीपत्रं) वेगळे, टेंडर वेगळं, तपासणीही वेगळी. एका गोदामात माल पडून, दुसरीकडे गाडी जॅकवर. मागायचा म्हटलं तर पत्रव्यवहारात वर्ष सरायचं. आणि मार्च आला की झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरू, कारण निधी परत गेला तर पुढच्या साली कापतात. यात कुणी चोर नव्हता. सगळे नियमानेच वागायचे.

शिस्तीचंही तसंच. संयुक्त कचेरीत भूदलाचा अधिकारी साहेब असला, तरी हाताखालच्या हवाई सैनिकावर कारवाई करायची तर त्याला त्याच्या दलाकडे परत पाठवावं लागे, कारण तिघांचे कायदे तीन. २०२३ च्या कायद्याने ते बदललं, अंमल मे २०२४ पासून. गाजावाजा नाही, पण कामाची गोष्ट. लष्करी खर्चाची फेररचना सुचवणाऱ्या शेकटकर समितीच्या शिफारशीवरून ३९ लष्करी डेअऱ्या २०२१ मध्ये बंद झाल्या, ब्रिटिशांनी १८८९ मध्ये सुरू केलेल्या! अशी खाती अजून शोधली तर सापडतील. खरेदी, दुरुस्ती, वाहतूक आधी एक करा. मिराज कुणाच्या हुकमतीत हा वाद नंतर घाला.

थाटीपूरवाले

हिशेबनीसांशी शंभर टक्के सहमत.

कंपूकर

मी नाही. टायरची खरेदी एक करायला तरी तिघांवर हुकूम चालणारा कुणी हवा ना? सीडीएस आले तेव्हा हेच काम त्यांना दिलं होतं, तीन वर्षांत खरेदी, वाहतूक, प्रशिक्षण एकत्र करा म्हणून. ती मुदत संपून किती दिवस झाले? खालून सुरू करा म्हणणाऱ्यांनी ते काम का रेंगाळलं एवढं सांगावं.

निवृत्त हिशेबनीस

सांगतो. प्रत्येक खरेदी समितीवर एक-एक ब्रिगेडियर किंवा त्याच्या तोडीचा अधिकारी आहे, आणि समित्या एक झाल्या की दोन पदं जातात. पदं गेली की बढत्या अडतात. थिएटर कमांडलाही हेच लागू, फक्त तिथे पदं थ्री-स्टार, म्हणजे लेफ्टनंट जनरलच्या तोडीची आहेत.

जिवाजीगंज

आता बोललात मुद्द्याचं. पेन्शनवर कुणी घसरणार असेल तर वेगळा धागा काढा, इथे नको. आमच्या घरात दोन पेन्शनर आहेत आणि दोघेही हे वाचतायत.