मदत हवी आहे: क्रोन्स, गोवराची लस आणि एका डॉक्टरांच्या पेपरांची यादी

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय, पण घरात यावरून रोज वाजतंय म्हणून विचारते.

माझ्या दादाला क्रोन्स (आतड्याला सतत सूज राहणारा आजार) आहे. आधी आतड्याचा टीबी समजून सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या, फरक पडेना, मग दुसऱ्या कोलोनोस्कोपीनंतर निदान बदललं. तेव्हापासून 'पोटाचं' म्हटलं की आई घाबरते.

माझी लेक दहा महिन्यांची. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने झाल्यावर द्यायचा असतो. आशाताईंनी कार्डावरच्या चौकटीत पेन्सिलीने तारीख लिहिली, ती उलटली. खोडून दुसरी लिहिली, तीही गेली. आता तिथला कागदच झिरझिरीत झालाय.

कारण मामा. अँड्र्यू वेकफिल्ड या तेव्हा लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये असलेल्या संशोधकांच्या दोन पेपरांचे प्रिंट घेऊन आले, पिवळ्या हायलायटरने रंगवलेले. १९९३चा म्हणतो, क्रोन्सच्या आतड्यात गोवराचा विषाणू टिकून असतो. १९९५चा, लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला, म्हणतो की गोवराची लस घेतलेल्यांत क्रोन्सचं प्रमाण सुमारे तिप्पट. मी म्हटलं, अहो, हेच ते ऑटिझमवाले! लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, १२ मुलांवरचा १९९८चा पेपर लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी त्यांचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. मामा शांतपणे म्हणाले, "तो गेला गं. हे दोन कुठे मागे घेतलेत?"

मला उत्तर देता आलं नाही.

मग लेक झोपल्यावर पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट) त्यांची सगळी यादी काढून बसले. (मी बीकॉम. अर्धे शब्द डिक्शनरीत बघितले.) सुरुवातीला, १९८९ मध्ये, क्रोन्समध्ये आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात असा पेपर आहे. त्यानंतर गोवर येतो. आणि १९९८ मध्ये, ज्या जर्नलमध्ये १९९३चा पेपर आला होता त्याच जर्नलमध्ये, आणखी एक: क्रोन्ससारख्या आतड्याच्या दाहाच्या रुग्णांत गोवराच्या विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय अंश) सापडत नाही! पहिलं नाव त्यांच्याच प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याचं, शेवटचं स्वतः वेकफिल्ड यांचं. मी तीनदा वाचलं. म्हणजे मामांच्या प्रिंटला खोडणारा कागद त्याच माणसाच्या यादीत पडून आहे?

माझे प्रश्न:
एखादा पेपर मागे घेतलेला नाही, म्हणजे तो अजून ग्राह्य धरतात का?
१९९५च्या त्या 'तिप्पट'चं काय करायचं? तो आकडा आईच्या डोक्यातून जात नाहीये.

प्रतिसाद

ताई, तुम्ही बरोबर वाचलंय. पेपर मागे घेतात ते गैरप्रकार झाला किंवा पायाच चुकला असं सिद्ध झालं तर. नंतर नुसता खोटा ठरलेला दावा यादीत तसाच राहतो, त्यावर कोणी शिक्का मारत नाही. त्यामुळे पुढे इतरांना काय सापडलं ते बघायचं. जपानी संशोधकांनी १९९५ मध्येच लॅन्सेटमध्ये कळवलं होतं की क्रोन्समध्ये गोवराचा विषाणू मिळत नाही.

तिप्पटचं म्हणाल तर, लस घेतलेले ३,५४५ लोक १९६४च्या एका लस-चाचणीतले होते आणि न घेतलेले ११,४०७ वेगळ्याच अभ्यासातले. दोन्ही गटांची माहिती एकाच पद्धतीने गोळा केलेली नव्हती. एकाच्या घरी जाऊन चौकशी करायची, दुसऱ्याला पोस्टकार्ड टाकायचं आणि मग आजारी कुठे जास्त ते मोजायचं, त्यातलाच प्रकार. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये आतड्याच्या दाहाचे १४० रुग्ण आणि २८० इतर माणसं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा लसीचा संबंध दिसला नाही. तोही पेपर लॅन्सेटमध्येच आहे. मामांना द्या, हायलायटर त्यांच्याकडे आहेच.

आणि डोस लांबवू नका. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराच्या साथीने काय केलं ते मुंबईकरांना आठवत असेल.

धागाकर्ती

खूप खूप आभार! पोस्टकार्डाचं आईला लगेच पटलं. आमच्या उपकेंद्रात लसीकरण गुरुवारी असतं, आणि मामा बुधवारी जेवायला येतायत. आरएनए न सापडल्याचा १९९८चा प्रिंट काढून ठेवलाय. फक्त त्यातलं 'हायब्रिड कॅप्चर' म्हणजे काय, कोणी दोन ओळींत सांगेल का? ते विचारणारच.